सोवळ्याकडून सेवेकडे : लक्ष्मीबाई टिळक यांचे पुण्यस्मरण

आज आषाढी एकादशी. महाराष्ट्राच्या दाही दिशांनी निघालेल्या पालख्या चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन मिळाल्या आहेत. त्यांपैकी श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते. नाशिक आणि सिन्नर मागे टाकून ती राहुरीस येते, मुळा नदीचे पाणी पाहते आणि नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, करीत भीमातीराकडे वळते. याच वाटेवर एका स्त्रीचे सारे आयुष्य घडले. तिचा जन्म नाशिकजवळ गोदाकाठी झाला. तिच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा काळ पंढरपुरात गेला, तिच्या सेवेला आरंभ राहुरी-नगरच्या भूमीत झाला आणि तिने देह ठेवला तो पुन्हा नाशिकास. तिचे नाव लक्ष्मीबाई नारायण टिळक.

लक्ष्मीबाईंनी उत्तरायुष्यात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हे सर्वश्रुत आहे. मग एकादशीच्या पुण्यदिनी विठ्ठलभक्तांच्या घरी त्यांचे चरित्र कशाला, अशी शंका एखाद्या भाविकाच्या मनात येईल. ती शंका मनात राहू द्यावी आणि चरित्र ऐकावे. कीर्तनात आम्ही पूर्वरंगी सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगी आख्यान लावतो. तोच क्रम येथे धरला आहे.

पूर्वरंग : शौच म्हणजे काय?

आपल्या शास्त्रांनी शौचाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक बाह्य आणि दुसरे आभ्यंतर. पाण्याने व मृत्तिकेने देहाची जी शुद्धी होते ते बाह्य शौच. चित्तातील मळ धुतला जातो ते आभ्यंतर. पतंजलींनी नियमांत शौचाला पहिले स्थान दिले, आणि भाष्यकारांनी त्याचे हे दोन्ही अर्थ स्पष्ट केले. भगवद्गीतेने मानस तपाच्या वर्णनात भावाची शुद्धी अंतर्भूत केली. म्हणजे बाह्य शुद्धी ही आतल्या शुद्धीची पहिली पायरी होय. परंतु माणसाचा स्वभाव असा की, तो पायरीवरच बिऱ्हाड करतो. सोवळे नेसले की धर्म झाला, दुसऱ्याचा स्पर्श टाळला की पावित्र्य राखले, अशी समजूत घराघरांत रुजली. पैठणच्या नाथांनी तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे लेकरू कडेवर घेतले, ही कथा आपण शतकानुशतके सांगत आलो. कथा सांगून झाली की मात्र आपापले सोवळे सांभाळीत घरी परतलो. या कथेतील लेकरू उचलणारा हात पुढे कोणी चालविला, याचा शोध घेऊ लागलो की ज्या थोड्या घरांपाशी आपण येऊन थांबतो, त्यांपैकी एक घर टिळकांचे होय.

उत्तररंग : गोखल्यांची मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सारे मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली होती. त्या आघाताने मनूच्या वडिलांच्या मनाची घडी विसकटली आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. वेड हा शब्द येथे कठोरपणाने वापरलेला नाही. लक्ष्मीबाईंनीच पुढे आपल्या आठवणींत त्या घराचे जे चित्र काढले आहे, त्याला दुसरा शब्द नाही. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यावयाचा नाही. घरातील बायका-मुलांनी कोठे जावयाचे, कोणाला शिवावयाचे, कशाला हात लावावयाचा, याचा सततचा धाक. विटाळाच्या भयाने त्या घरात श्वास घेणेही जड झाले होते. लहान मनू हे सारे पाहत वाढली. स्पर्श म्हणजे भय, हा तिचा पहिला धडा होता.

1880 साली तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. तेव्हा तिचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे होते, आणि अक्षरओळख मुळीच नव्हती. पती मात्र कवी, संस्कृतज्ञ, वक्ता आणि मनस्वी. आज येथे तर उद्या तेथे. मनात आले की घर सोडून निघावे, हाती आलेला पैसा मागेल त्याला देऊन टाकावा, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्यावर वैराग्याचे लेणे शोभत होते, पण त्या वैराग्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या लक्ष्मीबाई मोजीत होत्या. त्याच पतीने त्यांना अक्षरे शिकविली, तीही अनेकदा सोडून, पुन्हा धरून. पुढे मराठी भाषेला ललामभूत झालेली लेखणी अशा ओढाताणीत घडली, हे आजच्या मुलींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

टिळक काही वर्षे नागपुरात होते. तेथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले, ऋषी नावाचे मासिक चालविले. वेदांच्या अभ्यासातून त्यांच्या मनात जातिभेदाविषयी प्रश्न उभे राहिले. 1893 साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. दोन वर्षांच्या मंथनानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पंढरपुरातील वनवास

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काळी धर्मांतराने पंगत तुटे, पाणी तुटे, सोयर-सुतक तुटे. पती जिवंत आहे, त्याचे प्रेम आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कुंकू कपाळावर आहे, पण संसार नाही. सौभाग्य आणि वैधव्य यांच्या मधल्या या अवस्थेला आपल्या कोशात शब्द नाही. वडील बहीण व मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आधार दिला, आणि त्यांच्याबरोबर लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरी राहिल्या. दुःखाच्या भरात काही काळ त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्याच दुःखातून त्यांच्या मुखातून कविता स्फुरू लागली.

भाविक वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. सर्व देवस्थानांत पंढरीचे वैशिष्ट्य काय? तर येथे देवाच्या चरणांवर मस्तक ठेवता येते. इतरत्र देव दुरून पाहावयाचा. पंढरीत त्याला स्पर्श करावयाचा. असा हा देव. परंतु ज्या वर्षांत लक्ष्मीबाई पंढरपुरी होत्या, त्या वर्षांत चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना त्या चरणांपर्यंत जाण्याची मुभा नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वाराशी, आणि त्यांचे वंशबांधव तिच्याही पलीकडे. हा अन्याय दूर व्हावयास 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. स्पर्शाचे भय जिच्या बालपणावर कोरले गेले होते, ती स्त्री स्पर्शाच्या देवाजवळ राहत होती, आणि त्या देवाभोवतीही विटाळाचे तेच कुंपण होते. हे वास्तव आपण कीर्तनकारांनीच आधी सांगितले पाहिजे.

आधी जात सुटली

सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई नगरास पतीकडे आल्या. आल्या त्या धर्म बदलून नव्हे. आपला आचार सांभाळून, वेगळे बिऱ्हाड करून, आपले पाणी आपण भरून, आपला स्वयंपाक आपण करून त्या राहू लागल्या. टिळकांनीही त्यांच्या आचाराला बाध येऊ दिला नाही. पतीमागे डोळे मिटून जाणारी ही पतिव्रता नव्हती. तिने पतीवरचे प्रेम सोडले नाही आणि आपला विवेकही सोडला नाही. पती म्हणतो म्हणून देव बदलणे त्यांना मान्य नव्हते. लोक म्हणतात म्हणून पती टाकणेही त्यांना मान्य नव्हते. या दोन नकारांच्या मधोमध त्या एकट्या उभ्या राहिल्या.

पुढे जे घडले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी धर्म सोडला आणि मग जातिभेद सोडला, असे झाले नाही. त्यांचा विचार आधी जातीपाशी गेला. सर्व माणसांची घडण एक, सुखदुःख एक, जन्म-मरण एक. मग हे शिवाशिवीचे भेद देवाने कसे केले असतील? ते माणसांनीच केले असले पाहिजेत, असा त्यांचा निश्चय झाला. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. वडिलांच्या घरातील धुतलेल्या धान्यापासून या निश्चयापर्यंतचा प्रवास तीस वर्षांचा होता. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर, आपल्या पावलांनी आली, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आपल्या समाजाला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ज्या निश्चयाने लक्ष्मीबाईंच्या मनाचे दार उघडले, तो निश्चय वेदान्ताच्या विरुद्ध होता काय? सर्वांभूती एकच आत्मतत्त्व पाहणारे दर्शन ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या घरी या विचाराला जागा का मिळू नये? मिळाली असती तर काय झाले असते, याचा तर्क करणे व्यर्थ आहे. शिवाय लक्ष्मीबाईंची ख्रिस्तनिष्ठा खरी होती. ती आपल्या पदरात ओढून घेण्याचा आपणांस अधिकार नाही. परंतु प्रश्न आपल्यासाठी शिल्लक राहतो.

राहुरीचे घर

राहुरी हे त्या काळी मुळेच्या काठचे छोटे गाव. अमेरिकन मराठी मिशनने नगरास 1831 पासून कार्य मांडले होते, राहुरीस डॉ. बॅलंटाईन वैद्यकीय सेवा करीत. टिळक दांपत्याचा संसार येथे नव्याने सुरू झाला, तो नेमका 1899-1900 च्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर. पाऊस रुसला, गुरे मेली, आणि माणसे पोरकी झाली. टिळकांनी अनाथ मुलांसाठी घराचे दार उघडले, आणि त्या मुलांची आई झाल्या लक्ष्मीबाई.

दुष्काळातील पोरके मूल घरात घेणे म्हणजे काय, हे संसारी स्त्रियांना विस्ताराने सांगावयास नको. त्याला न्हाऊ घालावयाचे, त्याच्या अंगावरची खरूज धुवावयाची, रात्री ते दचकून उठले की जवळ घ्यावयाचे, आणि घरात जेवढे पीठ आहे तेवढ्यात एक भाकरी वाढवावयाची. मुलाची जात विचारण्याला तेथे अवसर नसतो. पाण्याचा स्वभाव सर्वांना सारखे धुण्याचा. जे पाणी गोखल्यांच्या घरी विटाळ धुण्यासाठी उपसले जाई, तेच पाणी आता लेकरांना न्हाऊ घालण्यासाठी उपसले जाऊ लागले. आभ्यंतर शौच याहून निराळे काय असते?

पुढे नगर मुक्कामी प्लेगची साथ आली. प्लेगच्या नावाने सख्खे नातलग रोग्याला सोडून पळत, असा तो काळ. मिशनच्या शाळेतील मुलींना रोगाने गाठले तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. ही सेवा त्यांनी पगाराच्या नोकरीसारखी केली नाही. मंडळीतील एका आईने लेकींसाठी करावी तशी केली. स्पर्शाला भिणारी मनू आता प्लेगच्या रोग्याला स्पर्श करीत होती. देवळातील घंटेला हात लागण्यापूर्वी स्नान हवे, हे आपण जाणतो. रोग्याच्या कपाळावर ठेवलेला हात हेही स्नानच आहे, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून कळते.

नगरच्या घरी माणसांचा राबता असे. बालकवी ठोमरे हे तरुण कवी त्यांच्याकडे राहिले होते. निसर्गात हरवणाऱ्या त्या हळव्या मुलाला लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे सांभाळले. पुढे 1918 साली रेल्वेखाली त्या कवीचा अकाली अंत झाला. टिळकांच्या घरी त्याला मिळालेली माया मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

कीर्तन आणि ओवी

आम्हां कीर्तनकारांना या दांपत्याचे आणखी एका कारणाने अगत्य वाटते. धर्म बदलला तरी त्यांनी भाषा बदलली नाही, आणि भक्तीची रीतही बदलली नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आणले होते. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना त्या उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकोबांचे ऋण ते मोकळेपणाने मानीत. त्यांची पदे आजही मराठी चर्चमधून गाइली जातात. टाळ तोच, वीणा तीच, अभंगाचा छंद तोच. लक्ष्मीबाईंनीही टिळकांच्या पश्चात स्वतः कीर्तने केली. ज्या काळात स्त्रीने सभेत चार शब्द बोलणे हेही धाडस होते, त्या काळात ही प्रौढ स्त्री श्रोत्यांसमोर उभी राहून आख्यान लावीत होती.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले होते. नावातच रामायणाची आठवण आहे. त्याचे दहाएक अध्याय झाले, आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. काव्य अपुरे राहिले. ते पूर्ण कोणी करावे? विद्वान मित्र होते, कवी होते. ते काम हाती घेतले लग्नाच्या वेळी अक्षरशत्रू असलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. संस्कृत महाकवी बाणभट्टाची कादंबरी त्याच्या पुत्राने पूर्ण केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पतीचे महाकाव्य पत्नीने पूर्ण केल्याचे हे उदाहरण त्याच्या शेजारी ठेवावे. ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास त्या नव्हत्या.

आजीची गोष्ट

वैधव्यात लक्ष्मीबाईंनी काही काळ मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. पुढे मुलाच्या कुटुंबासह त्या कराचीस राहिल्या आणि अखेरीस नाशिकास आल्या. आता त्या आजी झाल्या होत्या. वडिलांचे चरित्र लिहावे या हेतूने पुत्र देवदत्त याने आईला जुन्या आठवणी सांगावयास लावले, आणि आजीने नातवंडांना गोष्ट सांगावी तशा त्या आठवणी उतरू लागल्या. संजीवनी साप्ताहिकातून त्या प्रसिद्ध झाल्या. 1934 साली स्मृतिचित्रे या ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि महाराष्ट्र चकित झाला. यात पांडित्य नाही, अलंकार नाहीत, कोणावर सूड नाही. सोवळ्याने छळलेल्या वडिलांविषयीही कडवटपणा नाही. आपल्या अज्ञानाला हसत, टिळकांच्या लहरीला हसत, दुःखालाही हसत ही आजी बोलत जाते. ज्याने खूप सोसले आहे आणि कोणाचाही द्वेष केला नाही, त्यालाच असे हसता येते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. ग्रंथाचा अखेरचा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी परिश्रमपूर्वक त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. जोसेफिन इंकस्टर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, अलीकडे 2017 साली शांता गोखले यांनी पुन्हा केला. विजया मेहता यांनी ही कथा दूरदर्शनच्या पडद्यावर आणली. जलालपूरच्या एका निरक्षर मुलीचे बोलणे असे देशोदेशी पोहोचले.

फलश्रुती

वारीत एक सुंदर रीत आहे. वारकरी भेटला की वारकरी त्याच्या पाया पडतो. वय पाहत नाही, विद्या पाहत नाही, जात विचारीत नाही. परस्परांच्या चरणांना होणारा हा स्पर्श हेच वारीचे खरे दर्शन होय, असे अनेक थोर अधिकारी पुरुष मानीत आले. वाळवंटात आपण ही रीत पाळतो. घरी परतल्यावर काय करतो? धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईचा चहाचा कप आजही कित्येक सुशिक्षित, देवभक्त घरांत वेगळा ठेवलेला असतो. तो कप फडताळात कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्याविषयी बोलत मात्र कोणी नाही. गोखल्यांच्या घरातील धुतलेले धान्य आणि हा कप यांत अंतर किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

लक्ष्मीबाईंचा मार्ग सर्वांनी धरावा असे हे चरित्र सांगत नाही, आणि त्या स्वतःही असा आग्रह धरणाऱ्यांतल्या नव्हत्या. आपला देव आपल्या देव्हाऱ्यात असावा, आपली एकादशी आपण निष्ठेने करावी. परंतु उपवासाबरोबर एक नियम जोडता आला तर पाहावे. उद्या द्वादशीला पारणे होईल. घरातील सर्वांनी एका पंक्तीस बसावे, घरी राबणाऱ्या बाईचे पान त्याच पंक्तीत मांडावे, आणि दुपारी निवांतपणे स्मृतिचित्रे उघडून घरातील आजीने, किंवा आजीसाठी नातीने, त्यातील चार पाने मोठ्याने वाचावीत. राहुरीच्या त्या माऊलीचे याहून चांगले स्मरण दुसरे नाही. बोला, पुंडलिकवरदा हरी विठ्ठल!